सीयाना (गोंडी क्रियापद)

गोंडी भाषेतील ‘देणे’ या अर्थाचे क्रियापद. याचा धातू ‘सी’ असून ‘-आना’ हा क्रियावाचक नाम सिद्ध करणारा प्रत्यय आहे. मधला ‘य’ दोन स्वर जोडण्यासाठी येतो. महाराष्ट्रातील चंद्रपूर व गडचिरोली हे वनप्रधान जिल्हे आणि त्यांना लागून असलेला तेलंगणा व छत्तीसगढ राज्यांतील प्रदेश यांत हा धातू ‘सी’, ‘ही’ व ‘ई’ अशा तीन रूपांत आढळतो. ही तीन रूपे म्हणजे तीन वेगळे शब्द नव्हेत, तर एकाच ध्वनिपरिवर्तनाच्या तीन अवस्था होत. द्राविडी भाषांच्या इतिहासात या लहानशा धातूला विशेष महत्त्व आहे. सुमारे दोन हजार वर्षांची ग्रंथपरंपरा असलेल्या तमिळमध्ये या शब्दाचे आद्य व्यंजन नाहीसे झालेले असून, दीर्घ लेखनपरंपरा नसलेल्या गोंडीने मात्र त्या व्यंजनाची खूण आजपर्यंत टिकवून धरली आहे.

भाषिक पार्श्वभूमी : वर्धा आणि वैनगंगा या नद्यांच्या संगमातून प्राणहिता तयार होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीस मिळते. पूर्वेकडून येणारी इंद्रावती हीही पुढे गोदावरीतच विलीन होते. या नद्यांनी वेढलेला प्रदेश हा भारतातील दोन मोठ्या भाषाकुलांच्या संपर्काचा प्रदेश आहे. मराठी आणि तिची या भागातील झाडीबोली ही इंडो-यूरोपीय कुलाच्या इंडो-आर्यन शाखेतील, तर गोंडी, माडिया, कोलामी, नाईकी व तेलुगू या द्राविडी कुलातील आहेत. माडिया ही गोंडीचीच एक बोली मानली जाते; तिचे भाषिक मुख्यत्वे भामरागड व एटापल्ली या तालुक्यांत आहेत. सिरोंचा परिसरात तेलुगू ही नित्य व्यवहाराची भाषा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम व नैर्ऋत्य भागात, विशेषतः राजुरा, कोरपना व जिवती या तालुक्यांत, गोंडीबरोबर कोलामीही ऐकू येते. यांपैकी राजुऱ्याचा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत होता. त्यामुळे तेथील गोंडी आदिलाबादच्या गोंडीशी निकटची आहे. १९८२ पूर्वी चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता आणि जुन्या भाषाविषयक ग्रंथांत त्याचा उल्लेख ‘चांदा’ या नावाने येतो.

द्राविडी भाषांचे सामान्यतः चार गट मानले जातात. तमिळ, मलयाळम्, कन्नड, तुळू इ. भाषा दक्षिण गटात; तेलुगू, गोंडी, कोंडा, कुई, कुवी, पेंगो व मंडा या दक्षिण-मध्य गटात; कोलामी, नाईकी, परजी व गदबा या मध्य गटात; आणि कुरुख, माल्टो व ब्राहुई या उत्तर गटात येतात. या वर्गीकरणानुसार गोंडीची सर्वांत जवळची मोठी शेजारीण व बहीण तेलुगू ही होय. कोलामी भौगोलिक दृष्ट्या गोंडीला चिकटून असली, तरी नात्याने ती एका वेगळ्या शाखेची आहे.

रूपे व उपयोग : गोंडीत ‘सी’ हे देण्याच्या क्रियेचे सर्वसाधारण क्रियापद आहे. आज्ञार्थी एकवचनात त्याचे ‘सीम’ (दे) असे रूप होते. भूतकाळात धातूला ‘त’ जोडून पुढे कर्त्याचा निर्देश करणारा प्रत्यय लागतो : ‘सीतोर’ म्हणजे ‘त्याने दिले’ आणि ‘सीत’ म्हणजे ‘तिने दिले’. गोंडीत एकवचनी स्त्री, प्राणी व वस्तू यांचा एकच वर्ग असल्यामुळे ‘सीत’ हे रूप या सर्वांना लागू पडते. तेलुगूतही हीच व्यवस्था आहे.

मराठीशी तुलना करता येथे एक महत्त्वाचा भेद दिसतो. मराठीत ‘त्याने पैसा दिला’, ‘त्याने भाकर दिली’, ‘त्याने धान्य दिले’ असे क्रियापद कर्माप्रमाणे बदलते. गोंडीत मात्र दिलेली वस्तू कोणतीही असली, तरी पुरुष कर्त्याबरोबर ‘सीतोर’ हेच रूप राहते. म्हणजे मराठी क्रियापद दिलेल्या वस्तूकडे पाहते, तर गोंडी क्रियापद देणाऱ्याकडे. गोंडीने मराठीतून शेकडो शब्द स्वीकारले आहेत. परंतु क्रियापदाची ही घडण द्राविडीच राहिली आहे. भाषेचे कूळ ठरविताना उसन्या शब्दांच्या संख्येपेक्षा अशा घडणीला आणि मूलभूत शब्दांना अधिक महत्त्व दिले जाते, ते याच कारणासाठी.

सगोत्र शब्द : एका मूळ भाषेपासून निघालेल्या भाषांत त्या मूळ शब्दाची जी वेगवेगळी रूपे वारशाने येतात, त्यांना सगोत्र शब्द म्हणतात. ‘सी’ या धातूचे सगोत्र शब्द द्राविडी कुलाच्या चारही गटांत आढळतात. दक्षिण गटातील तमिळमध्ये ‘ई’ व जुन्या कन्नडमध्येही ‘ई’ हा धातू आहे. तेलुगूत ‘इच्चु’ किंवा ‘इव्वु’ असे क्रियापद आहे. मध्य गटातील कोलामी व नाईकीत ‘सि’ आणि बस्तरमधील परजीत ‘ची’ अशी रूपे आहेत. ओडिशातील कुई भाषेत ‘सी’, तर कुवी व पेंगो या भाषांत ‘ही’ आढळते. उत्तर गटातील, छोटा नागपूर भागातल्या कुरुख भाषेत ‘चिइना’ आणि राजमहाल टेकड्यांतील माल्टो भाषेत ‘चिये’ असे शब्द आहेत.

तमिळमधील ‘ई’ हा धातू आजच्या बोलण्यात फारसा उरलेला नाही. परंतु त्याची वाङ्मयीन प्रतिष्ठा मोठी आहे. ‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन व्याकरणात ‘ई’, ‘ता’ व ‘कोडु’ या देणे या अर्थाच्या तीन क्रियापदांतील भेद सांगितला आहे. मागणारा देणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा असेल, तर त्याने ‘ई’ वापरावे. बरोबरीचा असेल, तर ‘ता’ वापरावे आणि वरच्या दर्जाचा असेल, तर ‘कोडु’ वापरावे, असा तो नियम आहे. ‘ई’ पासूनच दातृत्व या अर्थाचा ‘ईगै’ हा शब्द बनला असून ‘तिरुक्कुरळ’ या ग्रंथातील तेविसाव्या प्रकरणाचे तेच शीर्षक आहे. वरील तीन धातूंपैकी ‘ता’ याचे सगोत्र रूप गोंडीत ‘तत्ताना’ असे आढळते. पण त्याचा अर्थ ‘आणणे’ असा आहे. तेलुगूतील ‘तेच्चु’ याचाही अर्थ आणणे असाच आहे. अशा रीतीने एकाच मूळ शब्दाचा अर्थ निरनिराळ्या भाषांत निरनिराळ्या दिशांनी सरकतो. याचे दुसरे उदाहरण म्हणजे तमिळमधील ‘उण्’. तमिळमध्ये त्याचा अर्थ जेवणे असा, तर त्याच्याच गोत्रातील गोंडी ‘उंदाना’ याचा अर्थ पिणे असा आहे. खाण्यासाठी गोंडीत ‘तिंदाना’ हे क्रियापद असून त्याचे नाते तमिळ ‘तिन्’ व तेलुगू ‘तिनु’ यांच्याशी आहे.

मूळ रूपाची निश्चिती : सगोत्र शब्दांची वरील यादी पाहिली, तर एक प्रश्न उभा राहतो. तमिळ, कन्नड व तेलुगू या साहित्यसंपन्न भाषांत शब्दाचा आरंभ स्वराने होतो. गोंडी, कोलामी, परजी, कुरुख इ. भाषांत तो ‘स’, ‘ह’ किंवा ‘च’ या व्यंजनाने होतो. यांपैकी मूळ स्थिती कोणती? मूळ शब्द ‘ई’ असा मानला, तर इतर भाषांनी त्याच्या आरंभी व्यंजन जोडले असे म्हणावे लागेल. मूळ शब्दात व्यंजन होते असे मानले, तर दक्षिणेकडील भाषांनी ते गमावले असे म्हणावे लागेल.

या प्रश्नाचा निर्णय गोंडीतील संख्यावाचक शब्दांच्या साहाय्याने सहज समजू शकतो. गोंडीत पाचला ‘सैयुंग’, सहाला ‘सारुंग’ आणि साताला ‘येरुंग’ म्हणतात. तमिळमध्ये पाचसाठी ‘ऐंदु’, सहासाठी ‘आरु’ व सातासाठी ‘एळु’ असे शब्द आहेत. तेलुगूत ते अनुक्रमे ‘ऐदु’, ‘आरु’ व ‘एडु’ असे आहेत. दक्षिणेत हे तिन्ही शब्द स्वराने सुरू होतात. गोंडीत मात्र पाच व सहा या शब्दांत ‘स’ आहे आणि सात या शब्दात तो नाही. स्वराने सुरू होणाऱ्या प्रत्येक शब्दामागे ‘स’ लावण्याची गोंडीची प्रवृत्ती असती, तर साताच्या शब्दातही तो आला असता. ‘उंदाना’ या क्रियापदातही असा ‘स’ नाही. म्हणजे कोणत्या शब्दात व्यंजन आहे आणि कोणत्या शब्दात नाही, हे तमिळ किंवा तेलुगू रूपावरून सांगता येत नाही. ते गोंडीवरून मात्र कळते. ज्या भाषेत भेद टिकून आहे ती जुन्या स्थितीची साक्ष देते आणि जिच्यात भेद पुसला गेला आहे ती नव्या स्थितीची, हे तौलनिक भाषाशास्त्रातील मूलभूत तत्त्व आहे. त्यानुसार आदिद्राविडी भाषेत या शब्दाच्या आरंभी ‘च’ हे व्यंजन होते आणि त्याचे रूप ‘ची’ किंवा ‘चिय्’ असे होते, असे मानले जाते. गोंडीतील ‘स’ हे त्याच ‘च’ चे रूपांतर आहे.

मिठाचे उदाहरणही असेच आहे. तमिळ, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत मिठाला ‘उप्पु’ म्हणतात. कोलामीत त्याला ‘सुप्’, परजीत ‘चुप्’ आणि गोंडीत ‘सोवर’ म्हणतात. नकारार्थी शब्द तमिळमध्ये ‘इल्लै’ व कन्नडमध्ये ‘इल्ल’ असा, तर गोंडीत ‘सिल्ले’ किंवा ‘हिल्ले’ असा आहे. मात्र दक्षिणेतील हा लोप सर्वच शब्दांत घडला नाही. ‘मरणे’ या अर्थाचा धातू गोंडीत ‘सा’ असा असून तमिळमध्ये तो ‘चा’ व तेलुगूत ‘चच्चु’ असा आहे. तेथे मूळ व्यंजन कायम राहिले. म्हणजे दक्षिणेत ‘च’ चा लोप सुरू झाला, काही शब्दांत तो पूर्ण झाला आणि नंतर ती प्रक्रिया थांबली. उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या तमिळ ग्रंथांतही ‘ई’ हेच रूप असल्यामुळे हा लोप त्या ग्रंथांच्या आधीचा ठरतो. गोंडीसारख्या भाषांचा पुरावा नसता, तर केवळ तमिळ ग्रंथांच्या आधारे हे व्यंजन कधी अस्तित्वात होते, हेही कळले नसते.

उसने शब्द व भासमान साम्य : कोलामीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. कोलामीत ‘देणे’ याला ‘सि’ व मिठाला ‘सुप्’ हे शब्द आहेत. म्हणजे मूळ व्यंजनाचा वारसा तिने जपला आहे. परंतु पाचला ‘ऐद्’, सहाला ‘आर्’ व साताला ‘एड्’ असे ती म्हणते. वारशाने आलेल्या पाच व सहा या शब्दांत व्यंजन असायला हवे होते; ते नाही, यावरून हे संख्यावाचक तेलुगूतून घेतलेले आहेत, असा निष्कर्ष निघतो. मोजदाद व देवघेव यांच्या निमित्ताने मोठ्या भाषेचे संख्यावाचक लहान भाषेत शिरणे स्वाभाविक आहे. गोंडीतही साताच्या पुढील संख्यांसाठी मराठी, हिंदी इ. शेजारच्या भाषांतील शब्दच वापरले जातात. देणे, मरणे, मीठ यांसारखे घरगुती शब्द मात्र दोन्ही भाषांत जुने राहिले आहेत.

केवळ ध्वनीच्या साम्यावरून नाते जोडणे कसे फसवे असते, याचीही उदाहरणे याच शब्दसमूहात मिळतात. गोंडी ‘सारुंग’ आणि मराठी ‘सहा’ या दोहोंचा अर्थ एक असून दोहोंच्या आरंभी ‘स’ आहे; परंतु मराठी शब्द संस्कृत ‘षष्’ पासून प्राकृतमार्गे आलेला, तर गोंडी शब्द तमिळ ‘आरु’ च्या गोत्रातील आहे. त्याचप्रमाणे हिंदी ‘सयाना’ किंवा मराठी ‘शहाणा’ या शब्दांशी गोंडी ‘सीयाना’ चा काहीही संबंध नाही. एका शब्दातील साम्य योगायोगाने येऊ शकते. अनेक शब्दांत तोच ध्वनी त्याच स्थानी त्याच रीतीने बदललेला दिसला, तरच नाते सिद्ध होते.

स, ह व लोप : मूळ ‘च’ चा ‘स’ झाल्यावर गोंडीतील परिवर्तन तेथेच थांबले नाही. गोंडीच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील बोलींत ‘स’ कायम राहिला. बैतूलपासून आदिलाबादपर्यंतच्या गोंडीत ‘सीयाना’ हे रूप आढळते. बस्तर व गडचिरोली यांच्या वनप्रदेशातील मुरिया व माडिया बोलींत ‘स’ चा ‘ह’ झाला आणि काही ठिकाणी तोही गळून पडला. दक्षिण व आग्नेय दिशांस गोदावरीच्या खोऱ्यातील कोया बोलींत व्यंजनाचा पूर्ण लोप होऊन ‘ई’ उरला. मिठाचा शब्दही याच क्रमाने ‘सोवर’, ‘होवर’, ‘ओवर’ असा बदलतो. सहाचा शब्द ‘सारुंग’, ‘हारुंग’, ‘आरुंग’ असा आणि नकाराचा शब्द ‘सिल्ले’, ‘हिल्ले’, ‘इल्ले’ असा बदलतो. म्हणजे पश्चिमेकडील राजुरा-जिवतीच्या पट्ट्यातून पूर्वेस इंद्रावतीकडे आणि तेथून दक्षिणेस गोदावरीकडे गेले, तर शेकडो वर्षांत घडलेले परिवर्तन भूप्रदेशावर मांडून ठेवल्यासारखे दिसते.

अर्थात या तीन अवस्थांच्या सीमा नकाशावरील रेषांइतक्या काटेकोर नाहीत. एखाद्या बोलीत एका शब्दात ‘स’, तर दुसऱ्या शब्दात ‘ह’ आढळतो. भ. कृष्णमूर्ती यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गोंडी बोलींतील नेमक्या याच परिवर्तनाची तपासणी केली आहे. ध्वनिपरिवर्तन सर्व शब्दांत एकाच वेळी न घडता एका शब्दातून दुसऱ्या शब्दात क्रमाने पसरत जाते आणि असे पसरूनही अखेरीस ते नियमित ठरू शकते, हे त्यातून दिसून आले. ध्वनिनियम अपवादरहित असतात, हे एकोणिसाव्या शतकातील जर्मन भाषाशास्त्रज्ञांचे मत आणि प्रत्येक शब्दाला स्वतःचा इतिहास असतो, हे त्यांच्या विरोधकांचे मत, या दोहोंचा मेळ घालण्यास मध्य भारतातील वनप्रदेशाच्या बोली अशा रीतीने उपयोगी पडल्या.

दक्षिणेकडील गोंडीतील ‘ई’ हे रूप तेलुगूच्या संपर्कामुळे आले असावे, अशी शंका येणे शक्य आहे. कारण तेलुगूतही हा धातू स्वरानेच सुरू होतो. परंतु तसे मानता येत नाही. मिठासाठी कोया बोलीतील ‘ओवर’ हा शब्द तेलुगू ‘उप्पु’ वरून घेतलेला नसून, आद्य व्यंजन वगळता तो पूर्णपणे गोंडी ‘सोवर’ च आहे. शिवाय ‘ह’ ही मधली अवस्था उसन्या शब्दाने स्पष्ट होत नाही. तेव्हा एकाच व्यंजनाचा लोप द्राविडी कुलात किमान दोनदा, वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या मार्गांनी झाला : एकदा दक्षिणेकडील भाषांत, इतिहासपूर्व काळात, आणि दुसऱ्यांदा गोंडीच्या काही बोलींत, ‘ह’ च्या मार्गाने.

‘स’ चा ‘ह’ होणे ही जगातील अनेक भाषांत घडलेली गोष्ट आहे. संस्कृत ‘सिंधु’ याचे प्राचीन इराणी रूप ‘हिंदु’ असे झाले आणि संस्कृत ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्तेम्’ यांच्या जोडीला ग्रीकमध्ये ‘हेप्ता’ हा शब्द आला. ‘स’ उच्चारताना जीभ दातांजवळ आणून हवेला अडथळा केला जातो. जिभेची ही हालचाल शिथिल झाली, की मागे केवळ श्वास म्हणजे ‘ह’ उरतो आणि तो क्षीण होऊन नाहीसा होऊ शकतो. कुवी व पेंगो या गोंडीच्या भगिनीभाषांतही ‘ही’ हेच रूप आहे, हे वर आलेच आहे.

लॅटिन व स्पॅनिशमधील समांतर उदाहरण : व्यंजनाचा ‘ह’ होऊन पुढे त्याचा लोप होण्याचे यूरोपातील सर्वपरिचित उदाहरण स्पॅनिश भाषेत सापडते. लॅटिनमधील ‘फाकेरे’ म्हणजे करणे. त्यापासून इटालियनमध्ये ‘फारे’ व फ्रेंचमध्ये ‘फेर’ अशी क्रियापदे आली. स्पॅनिशमध्ये मात्र आद्य ‘फ’ चा आधी ‘ह’ झाला आणि पुढे तोही उच्चारातून गेला. या क्रियापदाचा उच्चार आज स्पेनच्या बऱ्याच भागात ‘आथेर’ व लॅटिन अमेरिकेत ‘आसेर’ असा होतो. लॅटिन ‘फिलिउस’ (मुलगा) याचे ‘इहो’ आणि ‘फेरुम’ (लोखंड) याचे ‘येरो’ झाले, तेही याच नियमाने. इंग्रजीने लॅटिनमधून व फ्रेंचमार्फत घेतलेल्या ‘फॅक्ट’, ‘फॅक्टरी’, ‘मॅन्युफॅक्चर’ या शब्दांत मूळ ‘फ’ सुरक्षित आहे. त्यामुळे स्पॅनिश क्रियापद आणि इंग्रजी ‘फॅक्टरी’ यांचे नाते कानाला जाणवत नसले, तरी ते खरे आहे. जसे गोंडी ‘सीयाना’ आणि तमिळ ‘ईगै’ यांचे.

या दोन उदाहरणांत एक मोठा फरक आहे. स्पॅनिशचे मूळ असलेली लॅटिन भाषा ग्रंथांत उपलब्ध आहे. शिवाय उच्चारातून गेलेला ‘ह’ स्पॅनिश लोक लेखनात अजूनही लिहितात. स्पेनमधील सर्व ग्रामीण बोली उद्या नाहीशा झाल्या, तरी ‘फाकेरे’ चा इतिहास कागदावर राहील. आदिद्राविडीचे एकही वाक्य कोठे लिहिलेले नाही आणि ‘सी’, ‘ही’, ‘ई’ या अवस्थाही कोणत्या जुन्या गोंडी ग्रंथात क्रमाने नोंदलेल्या नाहीत. त्यांचा पुरावा बोलणाऱ्यांच्या उच्चारात आहे.

मराठी ‘देणे’ : गोंडी क्रियापदाच्या शेजारी नांदणाऱ्या मराठी ‘देणे’ या क्रियापदाचे गोत्र अगदी वेगळे आहे. संस्कृत ‘दा’ या धातूपासून प्राकृत ‘देइ’ या रूपाच्या द्वारे ते मराठीत आले. लॅटिनमधील ‘दारे’ हे क्रियापद याच इंडो-यूरोपीय मूळचे असून त्याचे स्पॅनिश व पोर्तुगीज रूप ‘दार’ असे आहे. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले ‘डेटा’ (दिलेल्या गोष्टी), ‘डोनेशन’ (दान), ‘एडिशन’ (बाहेर देणे, यावरून आवृत्ती) व ‘ट्रॅडिशन’ (पुढच्याच्या हाती देणे, यावरून परंपरा) हे शब्द याच कुटुंबातील आहेत. इंग्रजीतील नेहमीचे ‘गिव्ह’ हे क्रियापद मात्र जर्मानिक शाखेचे असून त्याचा या कुटुंबाशी संबंध नाही. अशा रीतीने गडचिरोलीच्या आठवडी बाजारात मराठी बोलणारा ‘दे’ म्हणतो, तेव्हा त्याच्या शब्दाचे नातलग रोम व माद्रिदपर्यंत पसरलेले असतात. माडिया बोलणाऱ्याच्या शब्दाचे नातलग मदुराईपासून राजमहालच्या टेकड्यांपर्यंत असतात.

अभ्यासाचा इतिहास : रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या द्राविडी भाषांच्या तौलनिक व्याकरणात गोंडीचा या कुलात समावेश केला होता. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मुंडा व द्राविडी भाषांविषयीचा चौथा खंड स्टेन कोनो यांनी तयार केला व तो १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चांदा जिल्ह्यातील बोलींचीही दखल घेतलेली आहे. चेनेविक्स ट्रेंच यांचे बैतूलच्या गोंडीवर आधारलेले व्याकरण १९१९ ते १९२१ या काळात निघाले. दक्षिणेकडील भाषांतील आद्य ‘च’ च्या लोपाची पद्धतशीर चर्चा टी. बरो यांनी १९४७ मध्ये केली. एमेनो यांचा, वर्धा जिल्ह्यातील बोलीवर आधारलेला कोलामीवरील ग्रंथ १९५५ मध्ये, बरो व भट्टाचार्य यांचा गोंडी बोलींचा तौलनिक शब्दसंग्रह १९६० मध्ये आणि भट्टाचार्य यांचा चांद्याच्या नाईकीवरील अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. बरो व एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोशही १९६१ मध्येच बाहेर पडला. त्याची सुधारित आवृत्ती १९८४ ची आहे. पी. एस. सुब्रह्मण्यम् यांचे गोंडीचे वर्णनात्मक व्याकरण १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले.

सद्यःस्थिती : २०११ च्या जनगणनेनुसार गोंडी भाषिकांची संख्या २९,८४,४५३ होती, कोया भाषिकांची नोंद त्याखेरीज स्वतंत्रपणे केलेली आहे. गोंडीचे भाषिक महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगढ, तेलंगणा, ओडिशा इ. राज्यांत विभागलेले आहेत. त्यामुळे एवढी भाषिकसंख्या असूनही कोणत्याही एका राज्यात ती राजभाषा नाही आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतही तिचा समावेश झालेला नाही. गोंडीच्या लेखनासाठी प्रदेशपरत्वे देवनागरी व तेलुगू या लिप्या वापरल्या जातात. बालाघाटचे मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. आदिलाबाद भागातील गुंजाळा येथे आणखी एका लिपीतील हस्तलिखिते मिळाली आहेत. संगणकीय लेखनासाठी या दोन लिप्यांना अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये युनिकोड प्रणालीत स्थान मिळाले. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये ग्रामसभेच्या पुढाकाराने गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली.

भाषा शाळेत व छापील पुस्तकात आली, की प्रमाण रूपाचा प्रश्न निर्माण होतो. पाठ्यपुस्तकात ‘सीयाना’ लिहावे की ‘हीयाना’, हा प्रश्न वरवर शुद्धलेखनाचा वाटतो. परंतु त्याचे परिणाम दूरवर पोचतात. एक रूप शुद्ध व दुसरी दोन अशुद्ध असा समज रूढ झाला, तर ती रूपे मुलांच्या बोलण्यातून लवकर जातील. व्युत्पत्तीच्या दृष्टीने तिन्ही रूपे सारखीच नियमसिद्ध आहेत. ‘ह’ किंवा लोप हा अडाणीपणाचा उच्चार नसून तो स्पॅनिशसारख्या प्रतिष्ठित भाषेतही घडलेल्या परिवर्तनाच्या जातीचा आहे. दुसरीकडे, मराठी, हिंदी व तेलुगू या भाषांचा वापर वाढत गेल्याने नव्या पिढीत गोंडीचा घरगुती वापर ज्या गावांत कमी होतो, तेथील विशिष्ट रूपही तिच्याबरोबर संपते. एकाच राज्यातील दोन लगतच्या जिल्ह्यांत व त्यांच्या सीमेवर या परिवर्तनाच्या सर्व अवस्था ऐकू येणे, ही अभ्यासकांना मिळालेली दुर्मीळ संधी आहे. म्हणून गोंडीच्या शब्दकोशांत एकच प्रमाण रूप न देता प्रत्येक शब्दाची प्रादेशिक रूपे, ती जेथे ऐकली त्या गावाच्या व तालुक्याच्या नावासह नोंदविणे आवश्यक ठरते.